कच्चे मडके आणि पक्के मडके : तेरच्या परीक्षाकथेतील संवेदनक्षमतेचा प्रश्न

१. विषयाचे स्वरूप

एकाच प्रसंगात सापडलेली दोन माणसे सारख्या रीतीने का वागत नाहीत, हा मानसशास्त्रातील जुना प्रश्न आहे. एकाला एखादा बोल जिव्हारी लागतो; दुसऱ्याला तो बोल आपल्याला उद्देशून होता याचेही भान नसते. या भेदाचे वर्णन करणारे शब्द मराठीत विपुल आहेत. हळवा, कोवळा, मनाला लावून घेणारा, भिडस्त हे एका बाजूचे. निबर, कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला हे दुसऱ्या बाजूचे. परंतु या शब्दांकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, त्यांतील जवळजवळ कोणताही शब्द केवळ वर्णनपर नाही. प्रत्येकात निवाडा मिसळलेला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी दोष देणारा आहे. हळवा मनुष्य दुबळा ठरतो आणि निबर मनुष्य अमानुष ठरतो.

या निवाड्याचे मराठी मनातील सर्वांत प्रभावी रूप धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाशी निगडित असलेल्या एका कथेत सापडते. संत गोरा कुंभार यांनी संतमेळ्याची परीक्षा घेतली व नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, ही ती कथा होय. तिचा पारमार्थिक अर्थ सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात त्या अर्थाचे खंडन अभिप्रेत नाही. कथेत संवेदनक्षमतेसंबंधी जे गृहीत धरले आहे ते कितपत टिकते, आणि आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात त्या कथेतून काही वेगळे हाती लागते काय, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

२. कथा आणि तिचा रूढ अर्थ

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक सागरवृत्तात ज्या व्यापारी नगरीचा निर्देश येतो ती हीच, असे अभ्यासक मानतात. तेरणेच्या काठी वसलेल्या या गावात गोरोबाकाकांचे मंदिर व समाधी आहे. परंपरेनुसार त्यांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७ असा धरला जातो. म्हणजे ज्ञानदेव, नामदेव व मुक्ताबाई यांचे ते समकालीन, आणि वयाने ज्येष्ठ असल्यामुळे सर्वांचे ‘काका’. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे त्यांच्या चरित्रातील प्रसंग घरोघरी पोचले. पुढे कीर्तनकारांनी व नंतर चित्रपटांनी त्यांना आणखी रंग दिला.

परीक्षेची कथा थोडक्यात अशी आहे. संत एकत्र जमले असता, यांतील कोणते मडके पक्के भाजले आहे आणि कोणते कच्चे राहिले आहे ते पाहावे, असे गोरोबांना सांगण्यात आले. त्यांनी थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर आघात केला. इतर सर्व संत निश्चल राहिले. नामदेव मात्र रागावले व त्यांनी या प्रकाराला हरकत घेतली. तेव्हा गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्णय दिला. अपमानित नामदेव पंढरीस जाऊन विठ्ठलाजवळ रडले. परंतु विठ्ठलानेही गोरोबांचाच निर्णय उचलून धरला व त्यांना विसोबा खेचर यांच्याकडे पाठविले. शिवलिंगावर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे सांगताच नामदेवांचे डोळे उघडले.

रूढ अर्थ असा की, नामदेवांची भक्ती उत्कट असली तरी तिला गुरुकृपेचा स्पर्श झालेला नव्हता आणि देवाच्या निकटतेचा अभिमान शिल्लक होता. आघाताने तो उघडा पडला. कथेच्या उत्तरार्धाचा सारा रोख गुरूच्या आवश्यकतेकडे असल्यामुळे हा अर्थ साधार आहे. अडचण उद्भवते ती पुढच्या पायरीवर. कीर्तनातून आणि व्यवहारातून या कथेचा जो सारांश पसरला, तो ‘अभिमान हा कच्चेपणा होय’ असा नसून ‘ज्याला लागते तो कच्चा’ असा आहे. अभिमान आणि वेदनेची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षा मात्र दोहोंना एकाच आघाताने मोजते, आणि बाह्य प्रतिक्रियेवरून आतील अवस्थेचे अनुमान करते.

३. परंपरेतील अंतर्गत पुरावा

ज्याला लागते तो कच्चा, हे समीकरण स्वतः संतपरंपरेलाच मान्य नाही, हे दाखविणारे दोन प्रसंग तीतच आहेत.

पहिला प्रसंग ज्ञानदेवांचा. लोकांच्या कुत्सित बोलांनी व्यथित होऊन ते झोपडीचे दार लावून आत बसले, आणि मुक्ताबाईने त्यांची समजूत घातली, अशी आख्यायिका ‘ताटीचे अभंग’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या रचनांभोवती उभी आहे. म्हणजे तेरच्या परीक्षेत जे निःशंकपणे पक्के ठरले, त्यांनाही परिसराचा आघात लागला होता. परंपरेने त्यांना यासाठी कच्चे म्हटले नाही. त्यांना हवा होता तो बहिणीचा शब्द, आणि तो मिळताच दार उघडले.

दुसरा प्रसंग खुद्द परीक्षकाचा. गोरोबा विठ्ठलनामात तल्लीन होऊन माती तुडवीत असता त्यांचे रांगते मूल चिखलात आले व त्यांच्या पायांखाली चिरडले गेले. मुलाचे रडणे बापाच्या कानी पडले नाही. पत्नी संती हिने आक्रोश केला. पुढे तिने विठ्ठलाची शपथ घालून आपल्याला स्पर्श करण्याची मनाई केली, आणि गोरोबांनी ती शपथ इतक्या काटेकोरपणे पाळली की, झोपेत आपल्या हातांना दोन्ही पत्नींचा स्पर्श घडला हे कळताच त्यांनी स्वतःचे हात तोडले. शेवटी कीर्तनात हात परत आले व मूलही परत मिळाले.

ही कथा भक्तीच्या पराकोटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मानसशास्त्रीय दृष्टीने मात्र तीत एक विलक्षण विसंगती आहे. पोटच्या मुलाच्या किंकाळीने ज्याची तंद्री भंगली नाही, तोच मनुष्य झोपेत घडलेल्या स्पर्शाने इतका विद्ध होतो की, हात ठेवणे त्याला अशक्य वाटते. तेव्हा गोरोबा संवेदनशील की असंवेदनशील, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. संवेदनक्षमता ही माणसाच्या ठायी असलेली एकजिनसी राशी नाही. अवधान जेथे असेल तेथे ती तीव्र असते आणि जेथे नसेल तेथे जवळजवळ शून्य होते. टेलेगन व ॲटकिन्सन यांनी १९७४ मध्ये तल्लीनतेची प्रवृत्ती हा व्यक्तिभेदाचा स्वतंत्र घटक म्हणून मांडला. ज्याला एका वस्तूत पूर्णपणे बुडून जाता येते, तो बाकीच्या परिसराला त्या वेळेपुरता पारखा होतो. ही निबरता नव्हे. तीव्र संवेदनेचीच ती दुसरी बाजू आहे.

येथे संतीच्या आक्रोशाकडेही लक्ष दिले पाहिजे. या घरात परिसराचे भान तिलाच होते. पतीच्या तल्लीनतेची किंमत मुलाने मोजली व तिने ती पाहिली. तिच्या रडण्याला परंपरेने कच्चेपणा म्हटले नाही, परंतु ज्ञानही म्हटले नाही. मूल परत मिळवून देणारा चमत्कार कथेला आवश्यक वाटला, यावरून मात्र हे नुकसान तसेच सोडून देणे कथाकारांनाही सोसवले नाही, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

४. दोन भारतीय मापे

संवेदनक्षमतेतील भेदाचा विचार भारतीय शास्त्रांत दोन ठिकाणी स्पष्टपणे झालेला आहे, आणि त्या दोन ठिकाणचे मूल्यमापन परस्परविरुद्ध आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रोग्याच्या दशविध परीक्षेत सत्त्वाची परीक्षा सांगितली आहे. सत्त्व म्हणजे मन. प्रवरसत्त्व मनुष्य मोठ्या पीडेतही अव्यग्र दिसतो. मध्यसत्त्व मनुष्य इतरांकडे पाहून स्वतःला सावरतो किंवा इतरांकडून सावरला जातो. हीनसत्त्व मनुष्य देहाने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही सहन करू शकत नाही; भयंकर कथा ऐकून वा रक्तमांस पाहून तो मूर्च्छित होतो, आणि त्याला स्वतःला वा इतरांनाही त्याचे मन सावरता येत नाही. ही चढती-उतरती शिडी आहे. तिच्या तळाशी जो आहे त्याला बाहेरचा आधारही निरुपयोगी, असे चरकाचे मत दिसते.

काव्यशास्त्रात नेमकी उलट स्थिती आहे. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, आणि म्हणून वर्ण्य विषयाशी जे तन्मय होऊ शकते, तो सहृदय होय. ज्यांच्या ठायी पूर्वसंस्कारांची वासना नाही असे प्रेक्षक नाट्यगृहातील लाकूड, भिंत व दगड यांच्यासारखे असतात, असे मत ‘साहित्यदर्पणा’त उद्धृत झालेले आहे. वैद्याच्या मापाने जो हीन, तो रसिकाच्या मापाने श्रेष्ठ ठरण्याची शक्यता यामुळे निर्माण होते.

तेरची परीक्षाकथा वैद्याचे माप वापरते. परंतु ज्याच्यावर ते वापरले जाते तो कवी आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ज्या मनाने विठ्ठलाशी लहान मुलासारखे भांडावे, रुसावे व रडावे, त्याच मनाने थापटण्याचा आघात निमूटपणे सोसावा, ही अपेक्षा कितपत सुसंगत आहे?

५. आधुनिक उपपत्ती

विसाव्या शतकातील मानसशास्त्रही दीर्घकाळ वैद्याच्याच मापाने चालले. पावलोव्हने मज्जासंस्थेचे सबळ व दुर्बळ असे प्रकार कल्पिले. पुढे दुर्बलता व ताण यांच्या संयोगातून मनोविकार उद्भवतो, ही उपपत्ती सर्वमान्य झाली. तिच्यानुसार काही व्यक्ती जन्मतः वा बालपणीच्या अनुभवांमुळे दुबळ्या असतात. प्रतिकूल परिस्थितीत त्या मोडतात आणि अनुकूल परिस्थितीत इतरांसारख्याच राहतात.

या चित्रातील उणीव जे बेल्स्की यांनी १९९७ पासून दाखवून दिली. ज्या मुलांवर वाईट संगोपनाचा परिणाम अधिक होतो, त्याच मुलांवर चांगल्या संगोपनाचाही परिणाम अधिक होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याला भेदक ग्रहणशीलता म्हणता येईल. बॉइस व एलिस यांनी २००५ मध्ये हाच विचार फुलांच्या उपमेने मांडला : काही मुले कोठेही उगवणाऱ्या रानफुलासारखी, तर काही आमरीच्या फुलासारखी, म्हणजे निगा नसेल तर कोमेजणारी आणि असेल तर असामान्य फुलणारी. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, एलेन व आर्थर ॲरन यांनी संवेदन-प्रक्रियेतील तीव्रता मोजण्यासाठी २७ विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिओनेटी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे ३० टक्के व्यक्ती अतिसंवेदनक्षम, ४० टक्के मध्यम व ३० टक्के अल्पसंवेदनक्षम अशी विभागणी आढळली. जुळ्या मुलांवरील २०२० च्या अभ्यासात या भेदातील जवळजवळ निम्मा, म्हणजे ४७ टक्के, भाग आनुवंशिक घटकांशी संबंधित दिसला. उरलेला भाग अनुभवाचा. म्हणजे निसर्ग की संगोपन, हा वाद येथे कोणत्याही एका बाजूने निकालात निघत नाही.

सर्वांत उद्‌बोधक पुरावा शिक्षणाच्या क्षेत्रातील आहे. इंग्लंडमधील एका गरीब वस्तीतील सुमारे ११ वर्षांच्या मुलींना औदासीन्य टाळण्याचे प्रशिक्षण शाळेत देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रशिक्षणाचा टिकाऊ लाभ अधिक संवेदनक्षम मुलींना झालेला आढळला; कमी संवेदनक्षम मुलींवर तसा परिणाम दिसला नाही. ज्याला आघात अधिक लागतो, त्यालाच उपदेशही अधिक लागतो.

या उपपत्तीच्याही मर्यादा आहेत. प्रश्नावली स्वतःविषयीच्या कथनावर अवलंबून असल्यामुळे तिच्यात चिंताग्रस्त स्वभाव आणि खरी संवेदनक्षमता यांची सरमिसळ होते. एका विशिष्ट जनुकात या भेदाचे मूळ शोधणाऱ्या २००३ च्या गाजलेल्या संशोधनाला २०१९ च्या फार मोठ्या सामग्रीवरील विश्लेषणात आधार मिळाला नाही. शिवाय तीन गटांची उपर्युक्त विभागणी इंग्रजी भाषेतून उत्तरे देणाऱ्या लोकांवर आधारलेली आहे. जेथे हळवेपणा मान्य करणे हीच मानहानी समजली जाते, तेथे तीच विधाने तीच गोष्ट मोजतील असे गृहीत धरता येणार नाही.

६. उपमेचा पुनर्विचार

या पार्श्वभूमीवर मडक्याच्या उपमेकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल. बाजारात माठ घेणारा गिऱ्हाईक बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतो. पक्का भाजलेला माठ खणखणीत आवाज देतो. कच्चा किंवा चिरा गेलेला माठ बद्द वाजतो. म्हणजे व्यवहारात जे मडके आघाताला स्पष्ट उत्तर देते, ते पक्के. कथेत जे उत्तर देत नाही, ते पक्के. कुंभारवाड्यातील अनुभव आणि कथेतील कसोटी यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

दुसरे असे की, थापटणे हे भाजलेल्या मडक्याच्या परीक्षेचे साधनच नव्हे. ओल्या मडक्याला आतून आधार देऊन बाहेरून हलके ठोके देत त्याला आकार आणण्याचे ते साधन आहे. भाजलेल्या मडक्यावर ते चालवले तर मडके एक तर तसेच राहील किंवा फुटेल. त्याचा आकार बदलणार नाही. आघाताने घडू शकते ते केवळ ओले मडके. कथाकारांनी हे जाणूनबुजून योजले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु कथेचा पुढील भाग याच अर्थाकडे नेतो. ज्या संतांना आघात लागला नाही, त्यांच्या आयुष्यात त्या आघातामुळे काही घडले नाही. नामदेवांच्या आयुष्यात मात्र घडले. ते रडले, तक्रार घेऊन गेले, विसोबांसमोर उभे राहिले आणि बदलले. पुढे त्यांनी दीर्घ प्रवास केले. पंजाबातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे स्थान मानले जाते, आणि त्यांच्या नावावरील ६१ पदे ‘गुरुग्रंथसाहिबा’त समाविष्ट आहेत. महाराष्ट्रातील व पंजाबातील नामदेव एकच की भिन्न, याविषयी मतभेद झालेले असले तरी परंपरेने त्यांना एकच मानले आहे. आणि येथे विचार परंपरेने रचलेल्या चरित्राचाच चालला आहे.

त्या चरित्राचे तर्कशास्त्र असे दिसते : अपमान ज्याला सर्वांत अधिक लागला, गुरूचा शब्दही त्यालाच सर्वांत अधिक लागला. चरकाचा हीनसत्त्व मनुष्य बाहेरच्या आधाराने सावरत नाही. नामदेव त्याच आधाराने घडले. म्हणून ‘कच्चे’ या शब्दाचा अर्थ ‘निकृष्ट’ असा न घेता ‘अद्याप घडण्याजोगे’ असा घेतला, तर कथा तिच्या स्वतःच्या शेवटाशी अधिक सुसंगत होते. गोरोबांचा निर्णय यामुळे खोटा ठरत नाही. नामदेवांना गुरूची गरज होती, एवढे त्या निर्णयात खरे होते. खोटा ठरतो तो निर्णयाभोवती लोकांनी उभारलेला तुच्छतेचा भाव.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो. कथेच्या दृष्टीने नामदेवांनी पुढे पक्के व्हावयाचे आहे. पक्के होणे म्हणजे संवेदनेचा लोप नव्हे काय? त्याचे उत्तर नामदेवांच्या पुढील जीवनकथेतच आहे. विसोबांच्या भेटीनंतरचे नामदेव दगड झालेले दिसत नाहीत. देव एकाच मूर्तीत नाही, हे कळल्यावर त्यांच्या संवेदनेचे क्षेत्र आकुंचित न होता विस्तृत झाले. बदलली ती संवेदनेची दिशा. तिची तीव्रता कमी झाल्याचे परंपरा कोठेही सांगत नाही.

७. जिल्ह्याच्या संदर्भात

हा विचार केवळ ग्रंथगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी लातूर जिल्ह्यातील. सास्तूर आजच्या धाराशिव जिल्ह्यातील. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. या भूकंपातून वाचलेल्यांची साधारण महिन्याभरानंतर मानसवैद्यकीय तपासणी झाली. तिचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत आघातोत्तर तणाव, औदासीन्य यांसारखे विकार आढळले. उरलेल्यांत आढळले नाहीत. या भेदाचे कारण प्रथम हानीच्या भेदात शोधले पाहिजे : कोणाचे किती आप्त गेले, कोण ढिगाऱ्याखाली किती वेळ अडकला, कोणाचे घर पूर्ण गेले. हे सर्व वजा करूनही जो भेद उरेल, तोच संवेदनक्षमतेच्या खात्यावर टाकता येईल. हा क्रम उलटा केला तर ज्याचे सर्वस्व गेले त्यालाच ‘मनाने कच्चा’ म्हणण्याचा अन्याय घडेल.

असाच अन्याय दुष्काळ व कर्ज यांच्या संदर्भात घडत आलेला आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर, इतरांवरही तीच वेळ आली होती, मग यानेच का, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्यातील गर्भितार्थ तेरच्या कसोटीचाच आहे : बाकीची मडकी टिकली, हे कच्चे निघाले. २०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळ व उस्मानाबाद या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले आणि त्याच सुमारास शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प हाती घेतला. अशा उपक्रमांच्या मुळाशी काही गृहीतके असतात. संवेदनक्षम मनुष्य म्हणजे केवळ दुबळा मनुष्य, असे मानले तर समुपदेशन ही डागडुजी ठरते. भेदक ग्रहणशीलतेची उपपत्ती मान्य केली, तर ज्याला संकट अधिक लागते त्याच्यावर वेळेवर मिळालेला आधारही अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष निघतो. अर्थात कोणतीही मनोधारणा कर्ज फेडीत नाही व पाऊस पाडीत नाही. परिस्थितीचा भार कमी करण्याचे कर्तव्य स्वभावाच्या चर्चेने टळत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रतिक्रियेचा अभाव हा परिपक्वतेचा पुरावा नव्हे. तो तल्लीनतेचा, सवयीचा किंवा निबरतेचाही परिणाम असू शकतो. दुसरी, संवेदनक्षमता ही एकाच मापाने मोजता येणारी राशी नाही. गोरोबांच्या दोन प्रसंगांतील विसंगती हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिसरी, आघाताची ग्रहणशीलता आणि आधाराची ग्रहणशीलता या बहुधा एकाच स्वभावधर्माच्या दोन बाजू आहेत.

मराठी भाषकांच्या संवेदनक्षमतेचा अभ्यास करावयाचा तर परकीय प्रश्नावलीचे भाषांतर पुरेसे होणार नाही. हळवा, भिडस्त, निबर, कोडगा हे शब्द धाराशिव जिल्ह्यातील बोलीत कोण कोणाविषयी व कोणत्या प्रसंगी वापरतो, स्त्रियांविषयी कोणते व पुरुषांविषयी कोणते, येथून त्या अभ्यासाचा आरंभ व्हावयास हवा. शब्दांत मिसळलेला निवाडा वेगळा काढल्यानंतरच त्याखालचे वर्णन हाती लागेल. तेरच्या कथेने तो निवाडा मराठी मनात दृढ केला. आणि नामदेवांचे पुढील चरित्र सांगून तो तपासून पाहण्याची सामग्रीही तिनेच पुरविली आहे.